सिव्हिल घेऊ की कॉम्प्युटर? घरी रोज तोच विषय चालू आहे (नागपूर)

सेंट्रिंगवाल्याची_पोर

नमस्कार सगळ्यांना. यंदा बारावी झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाईल आले, आता कॅपचा (सरकारी प्रवेश फेऱ्यांचा) ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली आणि घरात दोन पार्ट्या पडल्या आहेत. मला सिव्हिल घ्यायचं आहे. मागच्या वर्षीचे कटऑफ पाहिले तर सरकारी कॉलेजचं सिव्हिल बसेल असं वाटून राहिलं, नागपूरचं नाही तर अमरावती-चंद्रपूरचं तरी. मामा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो की सिव्हिलमध्ये आता काही ठेवलं नाही, नागपुरातच एखाद्या प्रायव्हेट कॉलेजला कॉम्प्युटर घे, चार वर्षांनी माझे आभार मानशील.

माझे बाबा सेंट्रिंगचे (काँक्रीट ओतायच्या साच्याचे) ठेके घेतात, बेसा-मानेवाडा-हुडकेश्वर साइडला त्यांची कामं चालतात. मी लहानपणापासून साइटवर जाते. बल्ल्या (साच्याखालचे टेकू) कशा लावतात, प्लेटांना ऑइल काऊन मारतात, स्लॅबच्या दिवशी काय गडबड असते हे सगळं पाहिलेलं आहे आणि मला ते खरंच आवडते. पण आई म्हणते बाबांचं आयुष्य धुळीत गेलं, आता तू पण तिथंच जाशील का. बाबा काहीच बोलत नाहीत, म्हणजे त्यांनाही भीती वाटत असावी.

विचारायचं एवढंच, सिव्हिलला गणित किती जड जाते, सुरुवातीला पगार खरंच इतका कमी असतो का, साइटवर मुलींना घेतात का, आणि नागपुरातच राहायचं तर कामं आहेत का. जे खरं आहे ते सांगा, गोड बोलू नका. फॉर्मची तारीख जवळ आहे.

पिअरकॅप

बेटा, मी सिव्हिलवाला, शिक्षण नागपुरातच झालं, बिल्डिंगवर सुरुवात केली, आता बरीच वर्षं फ्लायओव्हर आणि मेट्रोच्या कामांवर आहे, त्यामुळे साइटचं सांगतो, पुस्तकाचं कॉलेजवाले सांगतील.

तू बाबांच्या साइटवर बाल्कनी किंवा छज्जा भरताना पाहिला असशील. तिथली मेन सळी वरच्या बाजूला असते, आणि आतल्या खोलीच्या स्लॅबची मधली सळी खालच्या बाजूला. बाबांना हे माहीत आहे, त्यांच्या लोखंडवाल्या मिस्त्रीलाही माहीत आहे. पण ते असं काऊन असते हे सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षात कळते. एक मोठं खोडरबर घे, एका टोकाला घट्ट धर आणि दुसरं टोक खाली दाब, वरचा भाग ताणला जाईल आणि खालचा दबेल. काँक्रीटला दाब सहन होतो, ताण नाही, म्हणून जिथं ताण तिथं लोखंड. दोन्ही टोकांना टेकलेल्या स्लॅबमध्ये उलटं होते, मधोमध ताण खाली येतो. बस, एवढ्या एका गोष्टीवर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल नावाचा अख्खा विषय उभा आहे आणि पुढचं आरसीसी (लोखंड घातलेल्या काँक्रीटचं) डिझाइन पण.

आता पुढचं ऐक. समज १२५ मिलिमीटरची बाल्कनी आहे, वरची सळी तळापासून साधारण १०० वर बसवलेली. स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन मजूर त्या सळ्यांवरूनच चालतात आणि सळी ४० मिलिमीटर खाली दबते. कोणाच्या लक्षात येत नाही, वरून काँक्रीट पडलं की सगळं झाकलं जाते. पण १०० ची खोली ६० झाली म्हणजे त्या बाल्कनीची ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी गेली, लोखंड तेवढंच, सिमेंट तेवढंच, बिल तेवढंच. म्हणून खाली चेअर (सळी वर धरून ठेवणारे लोखंडी टेकू) लावायच्या आणि काँक्रीट पडेपर्यंत तिथं उभं राहून पाहायचं. हे ज्याला गणितातून समजलं आहे तो तिथून हलत नाही, ज्याला नाही समजलं तो सावलीत जाऊन बसतो. डिग्रीचा उपयोग काय विचारतात ना लोक, तो हा आहे.

सेंट्रिंग काढायचंच घे. बाबांना विचार बल्ल्या किती दिवसांनी काढता. काँक्रीटचा भारतीय कोड आयएस ४५६, त्यात लिहिलेलं आहे, साध्या सिमेंटला आणि थंडी फार नसेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या बल्ल्या ७ दिवस, त्यापेक्षा मोठा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असेल तर १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमच्या १४ आणि त्याहून मोठ्या बीमच्या २१. बाबा अंदाजाने याच्या आसपासच सांगतील बघ. आणि बाल्कनीच्या बल्ल्या काढताना मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे यायचं, उलटं करायचं नाही. भिंतीकडच्या आधी काढून टोकाशी बल्ली ठेवली तर तोच स्लॅब दोन टोकांवर टेकल्यासारखा वागतो, ताण खाली येतो आणि तिथं आपण लोखंड दिलेलंच नसते. तुझ्या घरात हे ज्ञान अर्धं आधीच आहे, बाकी अर्धं कॉलेजात मिळेल. अशी सुरुवात फार कमी पोरांना मिळते.

पगाराचं खरं सांगतो. नागपुरात छोट्या बिल्डरकडे किंवा ठेकेदाराकडे फ्रेशरला पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळतात, मोठ्या कंपनीत जास्त मिळतात पण मग पोस्टिंग कुठंही, आज समृद्धीवर तर उद्या ओडिशात. पहिली तीन-चार वर्षं तंगीची जातात. त्यानंतर जो बिलिंग, क्वांटिटी, प्लॅनिंग यातलं एक काम नीट शिकला त्याचा पगार सरकतो, जो नुसता मजूर मोजत राहिला त्याचा नाही सरकत. मामा सुरुवातीच्या पगाराबद्दल बोलत असेल तर तो बरोबर आहे.

काम नाही हे मात्र मला पटत नाही. वर्धा रोडवरचा डबलडेकर बघ, ३.१४ किलोमीटर, खाली जुना रस्ता, मधे गाड्यांचा फ्लायओव्हर, वर मेट्रो, सगळं एकाच पिअरवर (खांबावर), आणि छत्रपती नगर, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर ही तीन स्टेशनं त्यातच बसवलेली. कामठी रोडला एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक दुसरा झाला, गड्डीगोदामला तर मधून रेल्वेलाइन पण जाते. एवढं सगळं आपल्याच गावात झालं, आणि ज्या पोरांनी ते जवळून पाहिलं ती आज देशभर कामं करून राहिली.

थर्ड_इयर_सिव्हिल

ताई मी तिसऱ्या वर्षाला आहे, मुलगीच आहे, म्हणून तुझ्या आईच्या प्रश्नापासून सुरू करते. आमच्या वर्गात मुली पाव वर्गाच्या आसपास आहेत. साइट व्हिजिटला, सर्व्हेला सगळीकडे आम्हीच ट्रायपॉड उचलतो, कोणी थांबवत नाही. इंटर्नशिपला मात्र एका ठिकाणी मला सरळ विचारलं होतं की तुम्ही ऑफिसला बसणार ना, मी म्हटलं नाही, साइटच पाहिजे, मग दिली. तिथं अडचण कसली आली सांगू? टॉयलेटची. बऱ्याच साइटवर बायकांसाठी वेगळी सोय नसते, आणि जिथं मजूर बाया राबतात तिथंही नसते, त्याचा मला फार राग येतो. मोठ्या प्रोजेक्टवर असते. हे आधीच विचारून घ्यायचं, लाजायचं नाही. आईला हे पण सांग की डिझाइन ऑफिस, क्वांटिटी, टेस्टिंग लॅब, पाणी आणि पर्यावरण, रिमोट सेन्सिंग असं पुष्कळ काम आहे जिथं उन्हातान्हात जावं लागत नाही. पण तुझं वाचून वाटते की तू साइटवालीच आहेस.

गणिताचं म्हणशील तर पहिल्या वर्षाची एम-१, एम-२ सगळ्या ब्रँचला सारखीच असतात, त्यात सिव्हिल वेगळं काही नाही. कॉम्प्युटर घेतलं तरी त्यातून सुटका नाही. पहिल्या वर्षात पोट्टे लटकतात ते इंजिनीअरिंग मेकॅनिक्समध्ये, कारण फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवर कुठून किती बल लागते त्याचं चित्र) काढायचा कंटाळा करतात आणि सरळ फॉर्म्युल्यात आकडे टाकतात. दुसऱ्या वर्षी शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचे डायग्राम येतात, ते हाताने काढून काढून बोटात बसले पाहिजेत, पुढचे सगळे विषय त्यावरच आहेत. ज्यांचं ते कच्चं राहिलं ते तिसऱ्या वर्षात स्ट्रक्चरल ॲनालिसिसला रडून राहिले. फ्लुइड मेकॅनिक्स मला जड गेलं, सॉइल मेकॅनिक्स सगळ्यात आवडलं. आणि हो, इंजिनीअरिंग ड्रॉइंगला हलकं समजू नको.

मला ज्या दिवसापासून सिव्हिल आवडायला लागलं तो क्यूबचा प्रॅक्टिकल होता. १५० मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, २८ दिवस पाण्यात ठेवलेला, मशीनमध्ये ठेवून हळूहळू लोड वाढवत जायचं. एम-२५ ग्रेडचं काँक्रीट म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन, ठोकळ्याचा वरचा चेहरा २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणजे ५६२.५ किलोन्यूटन, जवळपास ५७ टन. काटा चढत असतो आणि बराच वेळ काहीच होत नाही, मग बारीक कर्र असा आवाज येतो, चारही बाजूंच्या पापड्या सुटतात आणि मधे डमरूसारखा आकार उरतो. सर म्हणाले असा फुटला तर टेस्ट बरोबर झाली, एकाच बाजूने तिरपा फुटला तर क्यूबचा चेहरा सपाट नव्हता नाहीतर मशीनमध्ये नीट मधोमध ठेवला नव्हता. त्यानंतर मी रस्त्याने जाताना कुठलाही पिअर पाहिला की डोक्यात आकडे सुरू होतात.

सर्व्हेचा प्रॅक्टिकल पण असाच. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावायची, बबल मधे आणायचा, समोर एक जण स्टाफ (आकडे लिहिलेली उंच पट्टी) धरून उभा, रीडिंग घेत घेत कॅम्पसचा फेरा मारून परत सुरू केलं तिथंच यायचं. हिशेब जुळला पाहिजे, नाही जुळला तर जो फरक येतो तो ठरलेल्या मर्यादेत आहे का पाहायचं, मर्यादेबाहेर गेला की पुन्हा सगळं. एप्रिलच्या उन्हात नागपुरात हे करणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पण ते करताना जो हात बसतो तो व्हिडिओ पाहून बसत नाही.

कॉलेज निवडताना एक कर, लॅब जाऊन बघ. कॉम्प्रेशन मशीन चालू आहे का, टोटल स्टेशन (सर्व्हेचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) कपाटात बंद आहे की पोरांच्या हातात देतात, हे तिथल्या सेकंड-थर्ड इयरच्या पोरांना विचारलं की पाच मिनिटांत कळते. ब्रँचला एनबीए ॲक्रेडिटेशन (दर्जाची राष्ट्रीय मान्यता) आहे का ते पण बघ, ते कॉलेजला नाही तर प्रत्येक कोर्सला वेगळं असते, बाहेर देशात शिकायला जायचं झालं तर कामी येते.

विदर्भ_टू_हिंजवडी

मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो. माझी डिग्री सिव्हिलची, आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला सिव्हिल आवडायचं नाही असं नव्हतं, घरी लगेच पैशांची गरज होती आणि कॅम्पसला आलेल्या बहुतेक कंपन्या आयटीच्याच होत्या, त्यांना कुठलीही ब्रँच चालत होती. आमच्या बॅचचे पुष्कळ जण असेच गेले.

तेव्हा तुला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे घरात चार वर्षांनी लगेच कमावणारं कोणी पाहिजे असेल तर ते आजच बाबांसोबत बसून बोल, कारण सिव्हिल उशिरा देते. हे वर दादांनी लिहिलंच आहे आणि ते खरं आहे. दुसरी म्हणजे मामाला विचार की कॉम्प्युटर घेतलं की नोकरी नक्की, हे तो कशावरून म्हणतो. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो. जागा भरपूर वाढल्या, प्रत्येक कॉलेजने कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स अशा तुकड्या काढल्या, आणि ज्या पोरांना कोडिंगची आवड नाही ती केवळ घरच्यांनी सांगितलं म्हणून येऊन बसली आहेत. त्यांना साधा प्रोग्राम लिहायला सांगितला तर हात थरथरतो. आवडीने शिकलेल्या सिव्हिलवालीला मी पाहिलेलं आहे ती पायथन शिकून पुढे गेली, पण आवड नसताना कॉम्प्युटर केलेल्याला कोणी विचारत नाही.

तुझ्या पोस्टमध्ये कॉम्प्युटरबद्दल तुझी स्वतःची एक ओळ नाही. सिव्हिलबद्दल पूर्ण परिच्छेद आहे.

सेंट्रिंगवाल्याची_पोर

सगळ्यांचे खूप आभार. पिअरकॅप दादांचं बाल्कनीवालं मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले मोकळ्या टोकाकडून काढायचं हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, पण काऊन ते कधी कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनीच खोडरबर मागून घेतलं. आणि सात दिवसांचं पण त्यांनी बरोबर सांगितलं, फक्त म्हणाले उन्हाळ्यात मी लवकर काढत नाही, तराई (काँक्रीटवर रोज पाणी मारणं) नीट झाली नसेल तर भरवसा नसतो.

हिंजवडीवाले दादा, खरं आहे, मला कॉम्प्युटरबद्दल लिहायला काही सुचलंच नाही.

अजून दोन विचारते. फी चा प्रश्न आहे, आम्ही ओबीसी आहोत, उत्पन्न आठ लाखांच्या खूपच खाली. आणि आई म्हणते घ्यायचंच असेल तर सरकारी नोकरी मिळेल असं घे, तर सिव्हिलमधून ते किती शक्य आहे?

जेई_वैनगंगा_खोरे

ताई, फी चं आधी. २०२४ पासून राज्य सरकारचा निर्णय आहे, ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. पण प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, जातीचं प्रमाणपत्र आणि व्हॅलिडिटी हे कागद आजच तयार ठेव, तहसीलमध्ये या दिवसांत किती गर्दी असते हे नागपूरकरांना सांगायला नको. होस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी हे वेगळे पैसे लागतात ते कॉलेजला विचारून घे. आणि ऑप्शन फॉर्म भरताना खरंच जे पाहिजे तेच पहिलं टाक, पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो आपोआप फ्रीज (पक्का) होतो, मग पुढच्या फेऱ्या तुझ्यासाठी संपल्या.

सरकारी नोकरीचं. कनिष्ठ अभियंता म्हणजे जेई हे पद बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद, महापालिका सगळीकडे असते, त्याला डिप्लोमावाले पण बसतात त्यामुळे स्पर्धा मोठी. वरच्या पदांना एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा आहे, पूर्व, मुख्य आणि मुलाखत. केंद्रात एसएससी जेई, रेल्वे, यूपीएससीची ईएसई. आणि गेट ही देशपातळीवरची परीक्षा आहे, ते तिसऱ्या वर्षाला असतानाच देता येते, स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यावर एमटेक मिळते आणि काही सरकारी कंपन्या भरती पण करतात. या सगळ्यांचा अभ्यास म्हणजे कॉलेजचेच विषय आहेत, जो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात नीट शिकला त्याला वेगळी सुरुवात करावी लागत नाही. जाहिरात कधी येईल याचा मात्र नेम नसतो, कधी वर्ष वर्ष जाते. माझ्या ओळखीतले कित्येक जण पुण्यात अभ्यासिकेत बसून तिशीला आले. म्हणून माझं म्हणणं, परीक्षा द्यायच्याच, पण डिग्रीनंतर काम करत करत द्यायच्या. साइटवर राहिलेल्याला मुलाखतीत लगेच ओळखतात.

आता माझ्या आवडीचं सांगतो, मी पाण्यातला माणूस आहे. सगळे सिव्हिल म्हणजे बिल्डिंग समजतात. २०२३ च्या सप्टेंबरात रात्रीतून पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, तुला आठवत असेल. लोक म्हणाले ढगफुटी. पाऊस मोठा होताच, पण एक साधा हिशेब कर. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, त्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. जमीन मोकळी, गवताची असेल तर समज त्यातलं तीस टक्के वाहून जाते, म्हणजे तीन लाख लिटर. तिथंच ले-आउट पडलं, सिमेंट रोड झाले, अंगणात पेव्हर ब्लॉक लागले की नव्वद टक्के वाहते, म्हणजे नऊ लाख. पाऊस तेवढाच, नाला तेवढाच नाहीतर अतिक्रमणाने आणखी अरुंद, आणि पाणी तिप्पट. हे हायड्रॉलॉजीमध्ये शिकवतात, रॅशनल मेथड म्हणतात, परीक्षेत पाच-सहा मार्कांचा प्रश्न येतो आणि पोरं पाठ करून विसरून जातात. नागपुरातल्या प्रत्येक नव्या ले-आउटच्या वेळी कोणीतरी हा हिशेब मांडून, आवाज चढवून बोलायला पाहिजे. मला तुझ्यासारखी पोरं या कामात हवी आहेत, म्हणून एवढं लिहून राहिलो.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं पण तसंच. १९८८ ला पायाभरणी झाली, आमच्या खात्यात कित्येकांची अख्खी नोकरी त्यावर गेली, अजून कामं चालू आहेत. धरणाची भिंत लोकांना दिसते, पण कालव्याचा उतार, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवणं, गेलेल्या गावांचं पुनर्वसन हे सगळं पण सिव्हिलवाल्याच्याच टेबलावर येते आणि तिथं नुसतं गणित पुरत नाही, लोकांशी बोलता यावं लागते.

आणि कॉलेजात ट्रान्सपोर्टेशनच्या पुस्तकात नागपूर प्लॅन नावाचा धडा येईल तेव्हा आपल्या गावाचा आहे म्हणून नीट वाच. १९४३ च्या डिसेंबरात देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद इथं भरली होती. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते अशी जी वर्गवारी आज सगळे वापरतात ती तिथं ठरली, आणि वीस वर्षांत दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता असं टार्गेट ठेवलं होतं. देशातला प्रत्येक सिव्हिलचा विद्यार्थी नागपूरचं नाव घेऊन परीक्षा देतो, आणि आपल्या पोरांना विचारलं तर नव्वद टक्क्यांना माहीत नसते.

पिअरकॅप

जेई साहेबांनी पाण्याचं फार छान सांगितलं. मी बाबांच्या तराईच्या बोलण्यावर एक जोडतो, कारण ते अगदी बरोबर बोलले. हवा ४० च्या वर गेली की आपल्या कोडप्रमाणे ते हॉट वेदर काँक्रिटिंग, त्याला वेगळा आयएस आहे, ७८६१. नागपुरात मे महिन्यात ४५ जाते, म्हणजे आपल्याकडे दोन-अडीच महिने कायमच तसं. काँक्रीटमधलं पाणी सिमेंटला मिळायच्या आधी उडून जाते, वरून बारीक भेगा पडतात. म्हणून रात्री किंवा पहाटे भरायचं, गिट्टीवर पाणी मारून ती गार ठेवायची, आणि तराई साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस लिहिली असली तरी फ्लाय ॲशवाल्या सिमेंटला १० दिवस, आणि कोरड्या उन्हाळ्यात १० चे १४ करायचे. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याची राख म्हटल्यावर बाजारात बहुतेक सिमेंट राखेचंच मिळते. घरमालक चौथ्या दिवशी टँकरचे पैसे वाचवायला लागतो. त्याला समजावून सांगणं हे पण इंजिनीअरचंच काम, आणि ते तुला जमेल, बाबांना खोडरबर घेऊन समजावलंच ना.

मातीचं पण लक्षात ठेव. बेसा-हुडकेश्वरकडे काळी माती तू पाहिलीच असशील, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगून येते. तिच्यावर उथळ पाया घेतला की दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल नेलेला, खाली फुगीर केलेला काँक्रीटचा खांब). थर्ड इयरवाल्या ताईला सॉइल आवडते म्हणाली, तर नागपूर त्यासाठी मस्त आहे, पश्चिमेकडे बसाल्ट, पूर्वेकडे नीस, कामठीकडे वाळूचा दगड, एकाच शहरात तीन तऱ्हेचा पाया.

सेंट्रिंगवाल्याची_पोर

आज फॉर्म भरला. पहिले चार पर्याय सिव्हिलचे टाकले, सरकारी कॉलेज आधी, मग नागपुरातलं एक ज्याची लॅब काल बाबांसोबत जाऊन पाहून आली. तिथल्या पोरांनी सांगितलं मशीन चालू आहे पण टोटल स्टेशन एकच आहे. आई अजून पूर्ण पटलेली नाही, पण फी माफीचं आणि ऑफिसच्या कामांचं ऐकून थोडी शांत झाली. मामाला मी स्वतः फोन करणार आहे.

कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे, तोपर्यंत काय करू? क्लास वगैरे लावायचा का ऑटोकॅडचा?

थर्ड_इयर_सिव्हिल

वा, अभिनंदन ताई! ऑटोकॅडचा क्लास आता नको लावू, पैसे वाया जातील, कॉलेजात ड्रॉइंग झाल्याशिवाय त्यातलं काही डोक्यात शिरत नाही, आणि विद्यार्थ्यांना ते सॉफ्टवेअर कॉलेजच्या आयडीवर फुकट मिळते. अकरावी-बारावीचं व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन एकदा चाळून ठेव, मेकॅनिक्सला तेच लागते. ड्राफ्टर नवा घेऊ नको, सीनियरकडून जुना मिळतो, नागपूरला नंबर लागला तर माझाच देते, मेसेज कर.

आणि बाबांच्या पुढच्या स्लॅबला एक वही घेऊन जा. सळी किती एमएमची, किती अंतरावर, रिंगा कॉलमजवळ दाट काऊन आणि मधे विरळ काऊन, कव्हर ब्लॉक किती जाडीचे, सिमेंटच्या बॅगा किती लागल्या, सगळं लिहून काढ आणि स्लॅबची लांबी-रुंदी-जाडी मोजून काँक्रीट किती घनमीटर झालं ते काढून बघ. बाबांचा अंदाज आणि तुझा आकडा किती जवळ येतो ते इथं येऊन सांग, आम्ही तपासून देतो.